सहावं अक्षर

आमच्या कोर्टकेसमधला सगळ्यात भारी पुरावा मला दीडशे रुपयांत मिळाला, आणि वर मोबाईलला टेम्पर्ड ग्लासपण लागली. आता हसत सांगतेय, तेव्हा हसायची सोय नव्हती. बऱ्याच जणांनी विचारलं की तुमच्या त्या गाळ्याच्या केसचं काय झालं गं, प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगून तोंड दुखलं म्हणून एकदाचं लिहून टाकते. लांबलंय, चहा घेऊन बसा.

आमचा वाडा नाशिकला, मेनरोडच्या मागच्या गल्लीत, दहीपुलाकडे उतरताना. वाडा आपला म्हणायचा, मागचा अर्धा भाग कधीच उतरवला, पुढची माडी उरलीय आणि खाली रस्त्याला लागून तीन गाळे. त्यातला मधला, साधारण नऊ बाय चौदाचा, आजोबांनी १९७१ साली एका कटलरीवाल्या शेटजींना भाड्याने दिला. कटलरी म्हणजे बांगड्या, टिकल्या, रिबिनी, पावडरीचे डबे, नवीन पिढीला काटेचमचे वाटतात म्हणून सांगितलं. भाडं ६० रुपये. करारबिरार काही नाही, आजोबांची एक लाल वही आणि पावतीपुस्तक. शेटजी दर महिन्याच्या पाच तारखेला स्वतः वर यायचे, आजीच्या हातचा चहा प्यायचे, पैसे द्यायचे, पावती घ्यायचे. मी लहान असताना त्यांचा मुलगा, त्याला मी दादाच म्हणायचे, अजूनही तोंडात दादाच येतं, मला शाळेच्या गॅदरिंगला रिबिनी फुकट द्यायचा. हे मुद्दाम सांगतेय, कारण पुढे वाचताना तुम्हाला तो व्हिलन वाटेल आणि मला तसं पूर्णपणे वाटत नाही, निदान रोज वाटत नाही.

२००४ मध्ये शेटजी गेले. दुकान दादा आधीपासून त्यांच्याबरोबर चालवतच होता, त्यामुळे भाडेकरी हक्क त्याच्याकडे आला, त्यात आमचं काही म्हणणं नव्हतं, कायदाही तेच म्हणतो. ६० चं होता होता भाडं ३४० झालेलं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा, लागू झाला ३१ मार्च २००० ला, त्यात वर्षाला ४ टक्के वाढ घेता येते. ३४० चे ४ टक्के म्हणजे १३ रुपये ६० पैसे. अण्णा, म्हणजे माझे वडील, म्हणायचे, तेरा रुपयांसाठी त्याच्या दारात जाऊन उभं राहायचं का मी? आणि मग त्या गाळ्याची घरपट्टी भरताना स्वतःशीच पुटपुटायचे.

मग २०१४ साली एक दिवस खाली ठोकाठोकी. बांगड्यांचे स्टँड टेम्पोत, काचेचे काउंटर आत, वर एलईडीचा मोठा बोर्ड मोबाईलच्या दुकानाचा आणि त्याच्या खाली कोपऱ्यात शेटजींच्या दुकानाचं जुनं नाव एवढंसं. अण्णा खाली गेले तर दादा म्हणाला, अण्णा, आपलाच माणूस आहे, पार्टनर घेतलाय, आता बांगड्या कोण घेतं ह्या गल्लीत येऊन. अण्णांना पटलं. मलाही पटलं खरंतर, कारण बांगड्या मीही कॉलेजरोडलाच घ्यायचे.

त्या महिन्यापासून दादा यायचा बंद झाला आणि भाडं मनीऑर्डरने यायला लागलं. त्याने गंगापूररोडला फ्लॅट घेतला होता, म्हणजे तीन-चार किलोमीटर. मनीऑर्डरचं कमिशन २० रुपयांना १ रुपया, म्हणजे ३४० ला १७ रुपये. वर्षाला तेरा रुपये वाढवून द्यायला जीवावर यायचं आणि महिन्याला सतरा रुपये पोस्टाला. आम्ही आपले हसलो. पुढे वकील मॅडमना सांगितलं तर त्या हसल्या नाहीत, म्हणाल्या, ज्या दिवशी शेजारचा माणूस भाडं मनीऑर्डरने पाठवायला लागतो ना, त्या दिवशी समजायचं की त्याने वकील गाठलाय. पोस्टाची पावती राहते, थकबाकीचा मुद्दा संपतो.

२०१६ चा पूर आठवतो का, २ ऑगस्टचा? गोदावरी आणि वरून सरस्वती नाल्याचं पाणी, दहीपूल आणि सराफ बाजारात दुकानांत पाणी शिरलं होतं. आमच्या मधल्या गाळ्यात कमरेएवढं. दुसऱ्या दिवशी मोबाईलवाला भाऊ, त्याला मी नुसतं भाऊच म्हणते इथे, बायकोला आणि मेव्हण्याला घेऊन घमेल्याने चिखल काढत होता, ओले खोके रस्त्यावर वाळत घातलेले, डोळ्यात पाणी. आईने त्यांना दोन दिवस वरून डबा दिला. दादा काही आला नाही. तेव्हा आमच्या डोक्यात काहीच आलं नाही, पार्टनर आला नाही एवढंच वाटलं. डोक्यात आलं असतं तर फोटो काढले असते, नीट तारखेसकट, आणि पुढची दोन वर्षं वाचली असती.

खरा भडका उडाला तो २०१८ च्या संक्रांतीला. भाऊ तिळगूळ घेऊन वर आला, बसला, इकडचं तिकडचं झालं, आणि मग अगदी अदबीने अण्णांना म्हणाला, अण्णा, एक विनंती होती, दरवर्षी दहा टक्के वाढ जरा जास्त होते हो, आता अठरा हजार झाले, धंदा ऑनलाईनने खाल्लाय, ह्या वर्षी तेवढी वाढ नका धरू.

अण्णांच्या हातात तिळगुळाची वडी तशीच.

त्या माणसाला वाटत होतं की पैसे दादामार्फत आमच्याकडे येतात. दादाने सुरुवातीला त्याच्याकडून तीन लाख डिपॉझिट घेतलेलं, तेही "मालकांना द्यावं लागतं" असं सांगून. अण्णांनी त्याला काही बोलून दाखवलं नाही, बघतो म्हणाले, तो गेल्यावर लाल वही काढून बराच वेळ नुसती उलटत बसले. मी हिशोब केला, तो दादाला महिन्याला अठरा हजार देतो आणि दादा आम्हाला ३४०. माझा पारा चढला. खरं सांगायचं तर त्या रागात न्यायबिय काही नव्हता, अठरा हजार होता.

सीबीएस, म्हणजे सेंट्रल बस स्टँडजवळ, जिल्हा कोर्टाच्या आवारात मॅडमचं टेबल आहे, आधी तिथे गेलो. मला वाटलेलं की एवढं उघड आहे, दोन तारखांत निकाल. मॅडमनी पहिला प्रश्न विचारला, भाऊ हे कोर्टात बोलेल का? मी म्हटलं बोलेल की, स्वतःच्या तोंडाने बोललाय. त्या म्हणाल्या, बोलला की त्याचं दुकान गेलं, का बोलेल? आणि झालंही तसंच.

त्यांनी जे समजावलं ते माझ्या भाषेत सांगते. कायद्याचं कलम २६ म्हणतं की करारात तशी मुभा नसेल तर भाडेकरूने जागा परस्पर दुसऱ्याला पोटभाड्याने द्यायची नाही, लायसन्सवर द्यायची नाही, आपला हक्क कुठल्याही रूपात विकायचा नाही. आणि कलम १६ मध्ये घरमालकाला ताबा मागायची जी कारणं दिलीत त्यात हे एक आहे. पण पोटभाडेकरू ठेवताना कोणी बोर्ड लावत नाही. दोन माणसांनी बंद दाराआड ठरवलेलं असतं, घरमालक तिथे नसतो, पैसे रोखीत जातात. १९९८ च्या भारत सेल्स विरुद्ध एलआयसी ह्या निकालात सुप्रीम कोर्टाने हे मान्य केलंय की असा व्यवहार चोरूनच होतो, त्यामुळे पैसे दिल्याचा थेट पुरावा घरमालकाकडून मागता येत नाही, परिस्थितीवरून कोर्ट अंदाज बांधू शकतं. आम्ही फक्त एवढं दाखवायचं की जागा तिसऱ्याच माणसाच्या एकट्याच्या ताब्यात आहे आणि भाडेकरूचा तिथे काही कंट्रोल उरलेला नाही. ते दाखवलं की मग तो माणूस तिथे कुठल्या नात्याने बसलाय हे सांगायची जबाबदारी भाडेकरूवर.

आणि मग त्या म्हणाल्या, तो सांगेल पार्टनर आहे. सगळे तेच सांगतात. खरी पार्टनरशिप असेल तर ते पोटभाडं होत नाही, भाडेकरूने धंद्यात भागीदार घेतला म्हणून त्याला काढता येत नाही, १९८७ पासूनचे निकाल आहेत. खोटी असेल तर कोर्ट कागदाचा पडदा बाजूला करून बघतं, २००९ सालच्या गोव्याच्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने हे सगळं नीट मांडलंय. प्रश्न एकच, भाडेकरू त्या धंद्यात खरोखर आहे का आणि जागेवरचा ताबा त्याने स्वतःकडे ठेवलाय का. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, शटरची चावी कोणाकडे असते गं? मला माहीतच नव्हतं. चार वर्षं त्याच शटरवरून ये-जा करत होते.

नोटीस गेली. सतरा-अठरा दिवसांनी उत्तर आलं, सोबत भागीदारीपत्राची झेरॉक्स, "१ एप्रिल २०१४ पासून अंमलात", नफा-तोटा निम्मा निम्मा, दादा "सक्रिय भागीदार" आणि तीन लाख हे भाऊचं भांडवल. मी गळाठले. मॅडमनी झेरॉक्स उलटी केली. मागच्या बाजूला स्टॅम्प व्हेंडरचा शिक्का, पाचशेचा स्टॅम्प पेपर, विकल्याची तारीख आमची नोटीस मिळाल्यानंतर सहा दिवसांची. २०१४ पासून चालू असलेली भागीदारी २०१८ च्या कागदावर. आता तोंडी भागीदारी आधी झाली आणि कागद नंतर केला असं होऊ शकतं, कायद्यात ते चालतं, आणि त्यांच्या वकिलांनी नेमकं तेच म्हटलं. म्हणून हा पुरावा चांगला पण पुरेसा नाही असं मॅडमचं मत.

आता ती टेम्पर्ड ग्लास. माझ्या मोबाईलची काच तडकली होती, भाऊच्याच दुकानात गेले, दावा तोपर्यंत लागलेला होता पण तो माझ्याशी बोलायचा, मीही बोलायचे, एका गल्लीत राहून किती दिवस तोंड फिरवणार. दीडशे झाले. मी क्यूआर स्कॅन केला तर नाव आलं भाऊचं स्वतःचं. आणि सहज म्हणून, खरंच सहज, बिल मागितलं. नवीन हँडसेट विकायचा तो, त्यामुळे जीएसटीचं छापील बिल होतं.

घरी येऊन ते बिल अण्णांच्या लाल वहीत ठेवलं आणि विसरले. दोन-तीन आठवड्यांनी माझ्या सख्ख्या मोठ्या भावाशी, तो बंगलोरला सीए फर्ममध्ये आहे, व्हिडिओ कॉलवर बोलत होते, त्याला गंमत म्हणून दाखवलं. तो म्हणाला, थांब, नंबर वाच. मी वाचला. म्हणाला, परत, सहावं अक्षर काय आहे? पी. तर तो ओरडलाच.

जीएसटी नंबर १५ अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७. त्यापुढची दहा अक्षरं म्हणजे सरळसरळ पॅन नंबर. आणि पॅनचं चौथं अक्षर सांगतं की हा पॅन कोणाचा, पी म्हणजे व्यक्ती, एफ म्हणजे भागीदारी फर्म, सी म्हणजे कंपनी. म्हणजे जीएसटी नंबरात हे सहावं येतं. भागीदारी असती तर फर्मचा वेगळा पॅन असायला हवा, त्यात एफ हवा. इथे पी. आणि त्याच्या पुढचं, सातवं अक्षर, व्यक्तीच्या पॅनमध्ये ते आडनावाचं पहिलं अक्षर असतं. ते भाऊच्या आडनावाचं. दादाच्या नाही. मग जीएसटीच्या वेबसाईटवर नंबर टाकला, ते कोणालाही बघता येतं, लॉगिन लागत नाही. व्यवसायाचा प्रकार, प्रोप्रायटरशिप. जुलै २०१७ मध्ये, म्हणजे जीएसटी सुरू झाला त्याच महिन्यात, भाऊने सरकारला सांगून ठेवलेलं की हा धंदा माझ्या एकट्याचा आहे. आणि कोर्टात म्हणत होता निम्मा निम्मा.

त्या रात्री मला झोप आली नाही, आनंदाने. आता विचार केला की जरा विचित्रच वाटतं.

पण पुरावा हातात आला म्हणजे कोर्टात आला असं नसतं. वेबसाईटचं प्रिंटआउट, क्यूआरचा स्क्रीनशॉट, बोर्डाचे फोटो हे सगळं इलेक्ट्रॉनिक, त्याला जुन्या पुरावा कायद्याच्या ६५-ब चं सर्टिफिकेट लागायचं, म्हणजे हे कुठल्या फोनवरून, कुठल्या लॅपटॉपवरून काढलं ते सहीनिशी लिहून द्यायचं. आधी त्याबद्दल उलटसुलट निकाल होते, मग जुलै २०२० मध्ये आपल्या जालन्याच्या निवडणुकीच्या प्रकरणात, खोतकर विरुद्ध गोरंट्याल, सुप्रीम कोर्टाने सांगून टाकलं की सर्टिफिकेट पाहिजे म्हणजे पाहिजे. राजकारण्यांच्या भांडणाचा माझ्या टेम्पर्ड ग्लासशी असा संबंध येईल असं वाटलं नव्हतं. माझ्याच फोनचं, माझ्याच लॅपटॉपचं सर्टिफिकेट मीच सही करून दिलं.

दुसरं एक, मला फार हौस होती कोर्ट कमिशनरची. टीव्हीवर बघितलेलं. अचानक कमिशनर येणार, दुकानात कोण बसलंय ते लिहून घेणार, दादा गंगापूररोडला झोपलेला असणार. मॅडम नको म्हणत होत्या, मी हट्ट धरला, अर्ज केला, कोर्टाने नामंजूर केला. ताबा कोणाचा हे पुराव्यावरून कोर्ट ठरवेल, कमिशनर नेमून एका बाजूसाठी पुरावा गोळा करता येत नाही. मॅडम बाहेर आल्यावर काही बोलल्या नाहीत, फक्त चष्म्यावरून बघितलं. चार तारखा गेल्या त्यात.

त्यापेक्षा फायद्याची ठरली अण्णांची आयडिया. पुराचा पंचनामा! २०१६ च्या पुरानंतर महसूलचे लोक येऊन नुकसानीचे पंचनामे करून गेले होते. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात अर्ज टाकला, पहिल्यांदा गोलमाल उत्तर, अपील केलं, मग कॉपी मिळाली. दुकानदाराचं नाव, भाऊचं. नुकसान, मोबाईल आणि ॲक्सेसरीज. सही भाऊची, पंच म्हणून शेजारचा स्टोव्ह रिपेअरवाला. भागीदाराचा उल्लेख नाही. त्या दिवशी आईने डबा दिला होता त्यांना, आणि मी तोच चिखलाचा दिवस त्यांच्याविरुद्ध निशाणी, म्हणजे पुराव्याचा कागद, म्हणून दाखल केला. आई दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही.

कोरोनाचं काय सांगायचं, सव्वा-दीड वर्ष नुसत्या पुढच्या तारखा.

अण्णांचा उलटतपास झाला तेव्हा ते ७६ वर्षांचे. समोरच्या वकिलांनी बरंच गोल गोल फिरवून विचारलं, तुम्ही २०१४ पासून बघत होता, तरी भाडं घेत राहिलात, पावती देत राहिलात, म्हणजे तुमची संमती होती. अण्णा म्हणाले, मनीऑर्डरवर सही केली, परमिशनवर नाही केली. मग त्यांनी विचारलं, तुम्हाला जास्त भाडं मिळावं म्हणूनच हा दावा ना? मॅडमच्या चेहऱ्यावर टेन्शन. अण्णा म्हणाले, जास्त मिळालं तर आवडेल ना साहेब, कोणाला नाही आवडणार. कोर्टात दोघं-तिघं हसले. मला वाटलं गेली केस. मॅडम नंतर म्हणाल्या, उलट बरं झालं, हा माणूस खोटं बोलत नाही हे जजसाहेबांना दिसलं.

दादाचा उलटतपास मी पहिल्या बाकावर बसून ऐकला. त्याने एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. आठवतंय तसं लिहिते.

फर्मचं बँक खातं कुठल्या बँकेत? खातं भाऊच्या नावावर आहे, विश्वासाचं काम आहे. फर्मचं इन्कम टॅक्स रिटर्न? ते त्यांनाच माहीत. माल कुठून भरता? ते तेच बघतात. दुकान किती वाजता उघडतं? साधारण दहा. शटरची चावी कोणाकडे? दादा जरा चिडला, म्हणाला, उघडणाऱ्याकडेच असणार ना चावी, मी रोज सकाळी गंगापूररोडवरून येऊन शटर उघडू का? मॅडमनी ते शब्द जसेच्या तसे लिहून घ्यायची विनंती केली.

मग पासबुक. त्याच्या बँकेचे उतारे आम्ही अर्ज करून मागवलेले. २०१८ ला भाऊने रोखीऐवजी ऑनलाईन द्यायला सुरुवात केली होती, बहुतेक संक्रांतीनंतर अक्कल आली. दर महिन्याला जमा, १८,०००. पुढच्या वर्षी दर महिन्याला १९,८००. त्याच्या पुढच्या वर्षी २१,७८०. लॉकडाऊनचे काही महिने सोडले तर एक रुपया इकडे तिकडे नाही. हे काय आहे? माझा नफ्याचा हिस्सा. नफा दर महिन्याला सारखाच? हो, सरासरी काढतो. आणि दरवर्षी बरोबर दहा टक्क्यांनीच वाढतो? दादा गप्प. तोटा झाला तर तुम्ही किती देता? तोट्याशी माझा संबंध नाही. भागीदारीपत्रात तर निम्मा तोटा तुमचा आहे? परत गप्प. जजसाहेबांनी तेव्हा पहिल्यांदा मान वर केली.

त्यांच्या वकिलांनी युक्तिवादात चांगली लढाई दिली, हे मान्य करायला पाहिजे. भागीदाराने ठरावीक रक्कम घ्यायची किंवा तोटा सोसायचा नाही असं दोघांत ठरू शकतं, १९३२ च्या भागीदारी कायद्यात त्याला बंदी नाही, नोंदणी नाही म्हणून भागीदारी खोटी ठरत नाही, आणि दुसरा माणूस दुकानात बसतो एवढ्याने पोटभाडं सिद्ध होत नाही. एकेक मुद्दा सुटा घेतला तर बरोबरच होता. पण सगळे एकाच दिशेला बोट दाखवत होते. आणि भाऊ साक्षीला आलाच नाही. कैफियत दिली, पण पिंजऱ्यात उभा राहिला नाही. उभा राहिला असता तर संक्रांतीचं विचारलं असतं त्याला, आणि मला वाटतं तो खोटं बोलू शकला नसता.

२०२३ मध्ये निकाल लागला. पोटभाडं सिद्ध, तीन महिन्यांत ताबा द्या. आमच्या दाव्यात आणखी एक मुद्दा होता, भाच्याला धंद्यासाठी जागेची गरज आहे म्हणून, तो मात्र फेटाळला, कारण भाच्याने उलटतपासात सांगितलं की तो पुण्यात नोकरी शोधतोय. मूर्ख आहे, पण खरं बोलला, घराण्यातच आहे ते.

दादाने जिल्हा न्यायालयात अपील केलं. स्टे मिळाला, पण फुकट नाही, महिन्याला बारा हजार कोर्टात भरायच्या अटीवर. निकालानंतर भाडेकरूने जुन्या भाड्यात बसून राहायचं नाही, बाजारभावाचा विचार करून भरपाई ठरवायची हे सुप्रीम कोर्टाच्या २००४ च्या निकालापासून ठरलेलं आहे. त्यामुळे सध्या चित्र असं, भाऊ दादाला देतो, दादा कोर्टात भरतो, आम्हाला काही मिळत नाही, आणि दुकान तसंच चालू. मनीऑर्डर मात्र बंद झाली. पोस्टमन काका विचारत होते, काय झालं, मिटलं का.

मध्ये भाऊ एकदा रात्री वर आला होता. खाली मान घालून म्हणाला, ताई, माझे तीन लाख कागदावर भांडवल झालेत, दुकान गेलं तर ते कुठे मागू? मी काय सांगणार. त्याने सही केलीय त्या कागदावर, दादाच्या वकिलाच्या ऑफिसात, न वाचता. म्हणाला, मला थेट भाड्याने द्या ना, अण्णांशी बोला. मी मॅडमना विचारलं, त्या म्हणाल्या, अपील संपेपर्यंत त्याच्याशी एक अक्षर बोलायचं नाही, चहासुद्धा नाही. आईने चहा दिलाच.

आणि एक गोष्ट लिहू की नको असं चाललंय, लिहितेच. पंचवटीत माझ्या मामाचं पूजासाहित्याचं दुकान आहे, जागा भाड्याची, १९६० च्या दशकातली. गेली सहा वर्षं तिथे मामा नाही बसत, एक पोरगा बसतो, मामाकडे महिन्याला पैसे येतात. मामाने निकालानंतर पेढे आणले आमच्याकडे. पेढा तोंडात ठेवत म्हणाला, बरं झालं, असल्यांना धडा शिकवलाच पाहिजे. अण्णांनी माझ्याकडे बघितलं, मी खिडकीबाहेर. आता कुंभमेळा आला की पंचवटीतल्या त्या जागेला काय भाव येईल ह्याचा हिशोबही मामाने तिथेच बसून केला.

तर सध्या अपील पेंडिंग. मागच्या आठवड्यात परत माझा फोन पडला, परत भाऊकडे गेले, परत टेम्पर्ड ग्लास, आता दोनशे. ह्या वेळी मी बिल मागितलं नाही, त्यानेच फाडून हातात दिलं, जरा घाईघाईने. नंबर बघायची आता सवयच लागलीय, भाजीवाल्यापासून मेडिकलपर्यंत सगळीकडे बघते. नवीन नंबर होता. सहावं अक्षर एफ.

फोटो काढून तिथूनच मॅडमना पाठवला. दोन मिनिटांत रिप्लाय आला, "रजिस्ट्रेशनची तारीख बघ आणि ६५-ब ऐवजी आता नवीन कायद्याचं ६३ चं सर्टिफिकेट लागेल, उद्या ये."

तारीख बघितली. निकालानंतर चार महिन्यांची.